रजईच्या आतला रोल

जबलपूरला थंडी पडली, म्हणून आज ट्रंकेतून रजई काढली. डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या रांझीत, कारखान्याच्या वसाहतीतल्या शेजारच्या काकांच्या क्वार्टरमध्ये पोचले.

काका मला फोटो काढायला शिकवत. कारखान्यातल्या त्यांच्या शेवटच्या दिवसाचे फोटो मीच काढले होते. रोल संपला तरी मी फिल्म पुढे सरकवायचा खटका ओढत राहिले आणि आत फिल्म तुटली, परत गुंडाळता येईना. आता कॅमेरा अंधारातच उघडायला हवा होता. जरा उजेड लागला, की सगळे फोटो गेले.

मे महिन्याची दुपार. अंधारासाठी ट्रंकेतून काढलेल्या रजईत कॅमेरा गुंडाळून, दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घालून मी फिल्म चाचपत होते. घामाने बोटं निसटत होती.

"काका, तुम्हीच करा ना!"

"काहून घाबरून राहिली? बोटांनी पाह. आराम से."

शेवटी फिल्म डबीत गेली, झाकण बसलं. काका समोरच स्टुलावर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. रागावलेत, असं मला तेव्हा वाटलं.

आता मीही फोटो काढायला शिकवते. कुणाची बोटं चुकायला लागली, की मदतीला धावणारे माझे हात आपोआप मांड्यांखाली जातात.