राजवाड्यामागचं जेवण

मी केनवडचा माळी. वांगी, मेथी, कांदा, मिरची यातच जन्म गेला. तरी मी फ्रान्स पाहून आलो असं म्हटलं की लोक आजही माझ्या तोंडाकडं पाहतात, म्हातारा फेकतोय म्हणून. पाहू द्या. पहिल्या मोठ्या लढाईत मी खेचरांच्या पलटणीत होतो. बंदूक कधी हातात धरली नाही. खेचरांचं दाणापाणी करायचं, ओझं लादायचं आणि त्यांच्या लाथा चुकवायच्या, एवढाच माझा पराक्रम.

त्या पलटणीत वऱ्हाडातले आम्ही दोघंच. दुसरा रिसोडचा नालबंद होता, जातीनं मुसलमान, खेचरांच्या खुरांना नाल ठोकणारा. गावी असतो तर बैलाच्या नालांपुरतंच आमचं बोलणं झालं असतं. तिथं त्या चिखलात आणि थंडीत, सगळी परकी बोली चालू असताना मागून कोणीतरी म्हणालं, "काहून बे, कोन्या गावचा तू?" आणि मला तिथंच रडू आलं. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना सोडलं नाही. तो मला माळी म्हणे, मी त्याला नालबंद. नावं दोघांना ठाऊक होती, पण ती कधी लागली नाहीत.

जेवायला मात्र तो तिकडं आणि मी इकडं. पलटणीत हिंदूंची चूल वेगळी, मुसलमानांची वेगळी, पाण्याची भांडीसुद्धा वेगळी. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उगीच आता शहाणपणा कशाला दाखवू?

एकदा आजारी खेचरं पोचवायला आम्हाला पॅरिसजवळच्या एका तळावर पाठवलं. काम झाल्यावर साहेबानं एक दिवसाची सुट्टी दिली आणि जवळ मोठा राजवाडा आहे, पाहून या, म्हणाला. व्हर्सायचा राजवाडा. आम्ही त्याला वरसाय म्हणत होतो. आत कोणी जाऊ दिलं नाही, पण बाग उघडी होती. नालबंद वाड्याच्या सोनेरी फाटकाकडं डोळे फाडून पाहत राहिला. मी माळ्याचा पोर, मी झाडं पाहिली. मोठमोठे हौद, काटकोनात छाटलेली झाडं, नजर पोचणार नाही इतकी सरळ वाट. मैलभर चाललो, पण खायच्या कामाचं एक झाड दिसेल तर शपथ.

"एवढं पानी," मी म्हणालो, "अन् एक वांगं नाही लावलं या लोकायनं."

"राजा वांगे खाते काय बे?" नालबंद म्हणाला. "पन खाऊन पाह्यलं असतं तर राज्य गेलं नसतं त्याचं."

हसलो खरे, पण पोटात कावळे ओरडत होते. सोबतचे फुटाणे आणि गूळ सकाळीच आगगाडीत संपले होते. आता खायला जागा शोधणं आलं, आणि खरी लढाई तिथं सुरू झाली. फाटकासमोरच्या पहिल्या हॉटेलात पांढऱ्या चादरी अंथरलेली मेजं होती. आमच्या बुटांचा चिखल पाहून तिथल्या माणसानं दारातूनच मान हलवली. दुसऱ्या दुकानात डुकराच्या तंगड्या टांगलेल्या. नालबंद असा मागं फिरला की माझ्याच पायावर पाय देऊन गेला.

तिसऱ्या दुकानात अक्कल मी चालवली. गाईचं नको हे सांगायचं कसं? डोक्याला दोन बोटांची शिंगं लावली, हंबरलो आणि दुकानदाराकडं पाहिलं. तो खूश झाला. आत जाऊन लालभडक मांसाचा एक गड्डाच घेऊन आला आणि हातानंच सांगू लागला की ताजं आहे. मी जो पळालो तो गल्लीच्या टोकाला थांबलो. नालबंद हसून हसून भिंतीला टेकला होता.

"नाही म्हनाचं होतं तर मान हलवाची होती, माळी. तू तं मागून राह्यला."

शेवटी राजवाड्याच्या मागच्या बाजूला एका अरुंद बोळात एक म्हातारी उंबऱ्यावर बसलेली दिसली. काळा झगा, पुढ्यात टोपलं, आणि ती कांदे सोलत होती. कांदे, गाजरं, बटाटे, कोबी. दीड वर्षानं मी माझ्या माणसांत आलो असं मला वाटलं. मी सरळ खाली बसलो, तिच्या हातातली सुरी घेतली आणि दोन कांदे सोलून दाखवले. ती हसली. आत चुलीवर भलंमोठं भांडं रटरटत होतं, त्यात मी वाकून पाहिलं. नुसती भाजी होती. माझा जीव भांड्यात पडला.

तिनं आम्हाला मेजाशी बसवलं आणि विचारलं, "पाँ?"

मला वाटलं, पान विचारते आहे. आपल्याकडं पंगतीला पानं मांडतात तशी किती पानं मांडू, असं. आणि खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आपलं वेगळं पान हवं होतं. बोळात कुत्रंसुद्धा ओळखीचं नव्हतं, तरी हवं होतं. मी दोन बोटं वर केली आणि पलटणीतल्या हिंदीत ठासून सांगितलं, "दो पान. अलग अलग."

म्हातारीनं मान डोलावली, जणू मी तिच्याच गावचा. आत गेली आणि हातभर लांबीचे दोन पाव घेऊन आली. त्यांच्या बोलीत पावाला पाँ म्हणतात आणि दोनाला दोसारखंच काहीतरी, हे मला मागून एका कारकुनानं सांगितलं. पाव दोन आले. भाजी मात्र एकाच खोल थाळीत आली, दोन चमच्यांसह, आणि तिनं ती आमच्या दोघांच्या मधोमध ठेवली. वेगळी थाळी मागायला माझ्याजवळ शब्द नव्हता. जेवढं माहीत होतं तेवढं सांगून झालं होतं.

नालबंदानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. त्याचा चमचा हातातच राहिला. "तू खाऊन घे आंधी," तो म्हणाला. "मी मांगून खातो. मले चालते."

मला चालते. हा माणूस बर्फात माझं खेचर मेलं तेव्हा माझं ओझं दोन कोस आपल्या पाठीवर घेऊन चालला होता, आणि आता म्हणतो, तू आधी खा. मला रागच आला, त्याचा की माझा कोण जाणे.

"गपचूप खा," मी म्हणालो. "थंडं होऊन राह्यलं."

आम्ही एका थाळीत जेवलो. त्यात तिखट नव्हतं, मीठ बेताचंच, पण मी जन्मात तसा जेवलो नाही. थाळी पावानं पुसून खाल्ली. म्हातारी बाजूला बसून पाहत होती, आम्ही थांबलो की आणखी वाढत होती.

निघताना नालबंदानं विचारलं, "गावी गेल्यावर माह्या घरी जेवशीन का? माही माय भाकरी अशा करते का तू बोटं चाटशीन."

मी उरलेल्या पावावर हात ठेवला. अन्नावर हात ठेवून सांगितलं, "जेवीन. पह्यल्याच बजाराले येतो."

 परतीच्या गाडीत तो सगळा वेळ गुणगुणत होता.

लढाई संपली, आम्ही आपापल्या घरी आलो. मी समुद्र ओलांडून आलेला, म्हणून जातीतली चार माणसं ओट्यावर येऊन बसली. तिकडं कोणाच्या हातचं खाल्लं, असं त्यांनी विचारलं. आत धाकटी बहीण उपवर झालेली, तिची बोलणी चालू होती. बाप माझ्याकडं टक लावून पाहत होता. मी म्हणालो, स्वतःच्या हातचं खाल्लं. सगळ्यांनी मान डोलावली आणि चहा पिऊन उठले.

पुढच्या बाजाराला भाजीची गाडी घेऊन रिसोडला गेलो. बाजाराच्या तोंडाशीच नालबंदाचं दुकान. मला पाहताच हातातला हातोडा टाकून तो धावत आला. गळ्यात पडला, मग म्हणाला, "चाल घरी. मायनं भाकरी टाकल्या."

आजूबाजूला आमच्याच जातीतले चार-पाच जण पोती उतरवत होते. मी म्हणालो, "आज जेवून आलो रे."

तोंडातून निघून गेलं. मनात म्हटलं, बहिणीचं लग्न होऊ दे, मग येऊ. तिचं लग्न झालं. मग तिचं पहिलं बाळंतपण आलं, मग माझंच लग्न, मग माझ्या मुली. दर बाजाराला काही ना काही निघे. आज एकादशी, आज चतुर्थी, आज पोट बरं नाही. आठवड्यात सात उपवास करणारा माळी सगळ्या तालुक्यात मीच असेन. तो बैलांचे नाल ठोकता ठोकता खाली मान घालून म्हणे, "बरं, मंग पुढच्या बजाराले." एक बाजार असा आला की त्यानं विचारलंच नाही. पिकाचं बोलला, पावसाचं बोलला आणि मला राम राम केला. त्या दिवशी गाडी हाकताना मला हलकं वाटलं. एवढ्या वर्षांत मी केलेल्या सगळ्या गोष्टींत त्या हलकं वाटण्याची लाज मला सगळ्यात जास्त वाटते.

एका पावसाळ्यात नाला भरून वाहत होता, दोन बाजार चुकले. तिसऱ्याला गेलो तर दुकान बंद. शेजारचा दोरखंडवाला म्हणाला, तापानं गेला, आज आठ दिवस झाले. मी गाडी तिथंच सोडली आणि विचारत विचारत त्याच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याची म्हातारी माय अंगणात बसली होती. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "तू माळी." मग माझा हात धरून तिनं मला अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. तिथं तीन दगडांची चूल मांडलेली होती, राखेचा कण नाही. बाजूला कोरी मातीची हांडी, फडक्यात बांधलेला पितळी लोटा आणि टोपल्यात पीठ, दाळ, मीठ-मिरची.

"हे तुह्याच साठी," ती म्हणाली. "तो म्हने, माय, त्याले आपल्या हातचं चालत नाही, त्याच्या घरी पोरी हायेत. पन आपल्या अंगनात आपल्या हातानं रांधून तं खाईन. दर बजाराले हा शिधा काढून ठेवाले लावे. सांजच्याले मी परत डब्यात टाको."

"मंग मले सांग्तलं काहून नाही त्यानं?"

"म्हने, तो आपून आला पाह्यजे. वढून आनाचं नाही."

मी तिथं चुलीपाशी बसून ओक्साबोक्शी रडलो. मग डोळे पुसले आणि म्हणालो, "अम्मा, मले शिधा नोको. तुमच्या हातची भाकर द्या."

ती उठली, घरात गेली. सकाळची भाकर आणि वर पातळ बेसन घेऊन आली, थाळी माझ्यापुढं धरली. अंगणाचं दार उघडं होतं, बाहेर बाजाराची वर्दळ चालली होती. कोणाची तरी गाडी थांबल्यासारखी वाटली, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला, आणि मी थाळीला हात लावायच्या आधी मागं वळून दाराकडं पाहिलं.

म्हातारीनं ते पाहिलं. तिनं थाळी मागं घेतली, आत नेऊन ठेवली आणि कोपऱ्यातला शिधा उचलून माझ्या उपरण्यात बांधू लागली.