सकाळी सहाची गोळी

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी प्रॉडक्शन ऑफिसर होतो. नव्वद साल उलटून गेल्यावर कधीतरी कंपनीने नवं मशीन घ्यायचं ठरवलं आणि ते शिकून यायला मला तीन आठवडे इंग्लंडला पाठवलं. तोवर मी विमान पाहिलं होतं ते बदलापूरच्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून.

निघण्याआधी जो तो झोपेबद्दलच सांगत होता. जर्मनीला जाऊन आलेले आमचे मॅनेजर म्हणाले, "बसलास की घड्याळ तिकडच्या वेळेला लाव आणि सरळ झोप." मेव्हणे म्हणाले, "अजिबात झोपू नका. नाहीतर तिकडे रात्रभर टक्क जागे राहाल." उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये बॅग घ्यायला गेलो, तर दुकानदाराने एक फुगवायची उशी गळ्यात मारली. "साहब, इसके बिना नींद आएगीच नहीं."

विमान रात्री अडीचला सुटलं. माझ्या शेजारी खिडकीपाशी सत्तरीच्या एक सिंधी बाई होत्या. पांढरा सलवार-कमीज, मांडीवर कापडी पिशवी. त्यांना पट्टा लावता येईना, तो मी लावून दिला.

"कहाँ के हो, बेटा?"

"बदलापूर."

"मैं कॅम्प दो की!" त्यांनी माझा हातच धरला. मी बॅग घेतली त्या दुकानाच्या मागच्या गल्लीत त्या राहायच्या. लंडनला मुलाकडे निघाल्या होत्या, पहिल्यांदाच.

विमान सुटून तासभर झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक छोटी डबी काढली. "शुगर की गोली है. सुबह छह बजे, खाली पेट. घर पे पड़ोसन जगाती थी. तुम जगा दोगे?"

"जगा दूँगा, माँजी," मी म्हणालो.

त्यांनी पदरासारखी ओढणी डोक्यावर घेतली आणि दोन मिनिटांत त्या झोपल्या. मी घड्याळ पाहिलं आणि माझं डोकं चालेनासं झालं.

मॅनेजरांचं ऐकून मी घड्याळाचे काटे मागे फिरवले होते. पण साडेचार तास की साडेपाच? उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरा असं काहीतरी ते म्हणाले होते. बरं, ते सोडा, बाईंचे सहा म्हणजे कुठले सहा? कॅम्प दोनचे धरले तर अडीच तासांनी उठवायचं. लंडनचे धरले तर सात तासांनी, आणि साखरेचा आजार असलेलं माणूस तोवर उपाशी! तेवढ्यात जेवणाची गाडी आली. पहाटे पावणेचारला भात आणि चिकन. बाईंना उठवावं, तर पोट रिकामं राहणार नाही. न उठवावं, तर चक्कर येईल की काय. मी मानेनेच नको म्हणालो, त्यांच्यासाठी आणि गडबडीत माझ्यासाठीही.

कारखान्यात तीन पाळ्यांचं वेळापत्रक मी तोंडपाठ लावायचो. इथे कागदी रुमालावर आकडे मांडले, खोडले, परत मांडले. शेवटी हवाईसुंदरीला माझ्या इंग्रजीत विचारलं, "मॅडम, व्हेन मॉर्निंग?"

"गुड मॉर्निंग, सर," ती हसून म्हणाली आणि मला पाणी आणून दिलं.

उशी फुगवून मानेखाली घेतली. ती हळूहळू बसत गेली. फुंकर मारावी तर शेजारच्या उठतील. दिवे मालवले होते, सगळे झोपलेले. आपण एकट्यानेच जागायचं, असं मी पक्कं ठरवलं. मेव्हण्यांचंही तेच म्हणणं होतं ना.

"बेटा, उठो. छह बज गए."

कोणीतरी खांदा हलवत होतं. रात्रपाळीत डुलकी लागली आणि साहेबांनी पकडलं, असं वाटून मी ताडकन उठायला गेलो. पट्ट्याने मला परत खाली ओढलं. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. माझ्या अंगावर बाईंची शाल होती.

"माँजी, गोली?"

"खा ली."

"कब?"

"भूख लगी तब." त्या हसल्या. "तुमको सोने दिया मैंने. नींद में भी बोल रहे थे, साढ़े चार, साढ़े पाँच, साढ़े चार."

मला ओशाळल्यासारखं झालं. त्यांची काळजी घ्यायची सोडून मीच त्यांची शाल पांघरून घोरत पडलो होतो. नाश्ता आला. आम्ही दोघांनी चाटूनपुसून खाल्ला.

खाता खाता त्यांनी विचारलं, "अभी घर पे क्या बजा होगा?"

मी परत बोटांवर तास मोजायला लागलो. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "रहने दो. घर तो बेच दिया. अब इधर ही रहना है."

वाईट वाटलं म्हणावं, की बरं झालं मुलाकडे आलात म्हणावं? त्यांच्या चेहऱ्यावरूनही काही कळेना. बहुधा त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नव्हतं.

विमानतळावर त्यांचा मुलगा आला होता. त्याने आईला वाकून नमस्कार केला, हातातली पिशवी घेतली. "ये अपना बदलापुर का है," त्यांनी माझी ओळख करून दिली, जणू मी नात्यातलाच. तो माझ्याशी इंग्रजीत काहीतरी बोलला, मी मान हलवली. मग ते दोघे दारातून बाहेर पडले आणि मी कंपनीची गाडी शोधत राहिलो.

त्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत नऊ वाजले तरी ऊन होतं. जेवायचं की झोपायचं, कळेना. बूटही न काढता आडवा झालो आणि छताकडे पाहत पहाट केली. सकाळी मशीन शिकवणाऱ्या गोऱ्याने मला काहीतरी विचारलं. मी दोनदा "येस" म्हणालो. त्याने खूश होऊन पाठ थोपटली. प्रश्न काय होता, ते मला आजही माहीत नाही.