दुसरा पाय

त्या शुक्रवारी घरात मी होते, आमचे हे होते, हळदीकुंकवाला आलेली शेजारची पार्वतम्मा होती, आणि माझी पट्टी बदलणारी नर्स. शुगरनं पायाला जखम झालेली, त्यात पू. डॉक्टर म्हणालेले, वर चढला तर पाय कापायचा.

ती नर्स कधी बसायचीच नाही. गाडीची किल्ली बोटात फिरवत म्हणायची, "अज्जी, बेगा बेगा, लवकर पाय इकडे करा, मला अजून कुवेंपुनगर गाठायचंय." जेलीसारखी थंडगार पट्टी चिकटवायची. "औषध यातच आहे, हळूहळू झिरपतं. उघडून बघितलंत तर भांडीन." आत काय चाललंय म्हणून माझा जीव थाऱ्यावर नसायचा.

पार्वतम्मानं चांगल्या पायाला हळद लावली, आणि दुसऱ्याची पट्टी सोडायला लागली. "एकाच पायाला लावू नये मा, नवऱ्याला अपशकुन." हे समोर बसलेले. मी पाय पुढेच ठेवला.

नर्स झटकन खाली बसली. माझ्या पायाशेजारी आपला भेगाळलेला पाय सरकवून म्हणाली, "याला लावा. झाले की दोन!"

पार्वतम्मानं हसत लावली. नर्स तशीच पिवळ्या पायानं पळाली.

माझा पाय वाचला. तिचं नाव विचारायचं राहिलं. तुमच्या घरी अशी कोणी आली, तर तिला आधी बसायला सांगा.