उरायासुतली मेक्सिकन सासू

आई पुण्याहून जपानला, माझ्याकडे उरायासुला आली ती माझं लग्न मोडायला. मला भेटायला वगैरे नाही. ज्याच्याशी मी लग्न करणार होते तो नागोयाच्या विद्यापीठात संशोधन करतो, आणि त्याची आई पुण्यात लोकांच्या घरी पोळ्या करते. विद्यापीठाचं आईला कौतुक होतं, पोळ्यांनी तिची झोप उडाली होती. "तो इथे आला तर मी जिन्यात जाऊन बसेन," असं तिनं विमानतळावरच सांगून टाकलं. मीही तिचीच मुलगी. रविवारी जेवायला ये, असं मी त्याला कळवलं.

ऑफिसातून आल्यावर रोज तेच भांडण नको, म्हणून मी एक मेक्सिकन मालिका लावली. बंगल्यात कपडे धुणारी मुलगी, मालकाचा मुलगा, आणि मोत्यांची माळ घालून फिरणारी त्याची आई. आईला वेडच लागलं. खालची इंग्रजी वाक्यं भराभर पळायची, म्हणून मी शेजारी बसून तिला मराठीत सांगायचे. ती त्या मुलीसाठी पदरानं डोळे टिपायची आणि मोत्यांच्या माळेला शिव्या घालायची.

शनिवारी संध्याकाळी त्या सासूनं पोरीला दारातच अडवलं आणि तावातावानं बोलायला लागली. खाली काय लिहिलंय ते मी वाचलंच नाही. मी आपली सांगत गेले, "माणसानं आपली पायरी ओळखावी. चार बुकं शिकलं म्हणून घर बदलत नाही. विहीण काय करते म्हणून विचारलं, तर लोकांना मी काय सांगू?"

"काय मेली दुष्ट बाई आहे," आई म्हणाली. "जिभेला काही हाड?"

मग ती माझ्याकडे वळली. विहिणीचं ते वाक्य तिनं परवाच, भांडी पुसताना, मला ऐकवलं होतं.

"हे ती म्हणाली?"

"नाही. तू म्हणालीस."

आईनं टीव्ही बंद केला आणि दहीभात खाऊन झोपली. मला वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण समजावून झालं होतं, रडून झालं होतं. माघार मी घेणार नव्हते.

रविवारी बेल वाजली तेव्हा आई जिन्यात नव्हती, खुर्चीत बसली होती. त्यानं वाकून नमस्कार केला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मी दाराशी माझे बूट तयार ठेवले होते. हिनं एक शब्द जरी वाकडा काढला, तर याच्याबरोबर निघायचं, हे माझं ठरलेलं होतं.

"तुझ्या आईच्या पोळ्या किती वाजता आटपतात?" आईनं विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "अकराला," तो म्हणाला.

"म्हणजे इथले किती?"

"अडीच."

आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मग आधी जेवून घेऊ. अडीचला मला फोन लावून दे. कामाच्या वेळी कशाला त्यांना त्रास."