खांडीवरचं भूमिपूजन

उसरखारच्या धनेश मोकलला देवाने गळा दिला तेव्हा बाकीचं सामान संपलेलं असावं. उंची बेताची, छाती त्याहून बेताची, केस कपाळावरून कधीच माघारी फिरलेले. पण त्याच्या हातात माइक द्या आणि गंमत बघा. टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेला पंचक्रोशीतले लोक बॅटिंग बघायला जात नसत, धनेशला ऐकायला जात.

"दांडी गुल! जा रं पोरा, घरी जा, बायकोनी कोलंबी आनलीय, ती सोलत बस!"

बाद झालेला पोरगाही हसत हसत परत यायचा.

पुढे त्याला हळदीचे कार्यक्रम मिळू लागले. मानाच्या पाहुण्यांचं स्वागत तो असं करायचा की पाहुण्याला वाटावं, आपण खरंच काहीतरी केलंय. मग त्याने मोबाईलवर 'खाडीची खबर' नावाचं चॅनल काढलं. माइकला लावायला पिवळा स्पंज हवा होता. तो त्याच्या बायकोने, सुचिताने, जुन्या गादीचं पोट फाडून शिवला. त्या स्पंजाला पुढे मोठमोठे साहेब घाबरू लागले.

कारण धनेश विचारायचा एकच गोष्ट, ती म्हणजे बांध.

आमच्याकडची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा बांध, एवढंच काय ते आमचं नशीब. उधाणात तो फुटला की त्याला आम्ही खांड गेली म्हणतो. खारं पाणी एकदा आत शिरून बसलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या शेतात गवताशिवाय काही उगवत नाही. म्हणून गावाचा जुना नियम: खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर. गावातले वडीलधारे धर्माजीनाना घराचं नाव पुकारणार, घराने "हाय!" म्हणायचं आणि रांगेत उभं राहायचं. चिखलाचे गोळे हातोहात पुढे जातात आणि भरती परत यायच्या आत खांडीचं तोंड बंद होतं. या नियमापुढे लग्न नाही, मयत नाही, आजारपणही नाही.

गावाला दगडी बांध हवा होता. धनेशने एका इंजिनीयरला खांडीवर उभं करून स्पंज त्याच्या नाकाला टेकवला.

"साहेब, ह्यो बांध हाय का भात गालायची चालन?"

साहेब म्हणाले, "प्रस्ताव वर पाठवलाय."

"वर म्हंजे कुटं? देवाकडं?"

तो व्हिडिओ मांडव्याच्या जेटीवर बोटीची वाट बघणाऱ्यांनीसुद्धा पाहिला. धनेशला लोक दादूस म्हणू लागले. आणि एक दिवस ज्या आमदार भाऊंना तो रोज सोलून काढायचा, त्याच भाऊंनी त्याला अलिबागला चहाला बोलावलं. जाताना धनेश स्पंज घेऊन गेला होता, येताना शाल घेऊन आला.

"बाहेरून वरडून काय होतंय? आता आतून इचारीन," तो म्हणाला.

गावाने त्याला पंचायत समितीवर भरघोस मतांनी पाठवलं. तेव्हापासून तो आतून इतक्या हळू विचारू लागला की आम्हाला कधी ऐकूच आलं नाही. अलिबागला फ्लॅट झाला. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आला. त्याची आई सोनूबाई गावातच राहिली, कारण तिचं शेत बांधाला लागून पहिलं. ती एकदा म्हणाली, "इतका पांढरा घालतंस, मंग चिखलान कवा उतरशील?"

"आये, आता मी धोरन ठरवतो," धनेश म्हणाला.

"बरा. ठरवून जाला की ये."

भाद्रपदाच्या उधाणात खांड गेली. सकाळी ओहोटी लागली तेव्हा सगळं गाव बांधावर होतं. पाणी थोडंच आत आलेलं, भात पोटरीत, लोंब्या धरायच्या बेतात आलेलं. वेळेत तोंड बंद झालं तर पीक वाचणार होतं. धर्माजीनाना पुकारत होते, घरं "हाय" म्हणत होती. मोकलांच्या घराकडून नेहमीप्रमाणे सोनूबाई उभी होती, पदर खोचून, सत्तरी ओलांडलेली.

तेवढ्यात धनेशची गाडी आली. मागच्या टेम्पोत मोठा स्पीकर, भाऊंच्या हसऱ्या चेहऱ्याचा बॅनर आणि ताटात नारळ.

"थांबा थांबा! भाऊ मांडव्याला उतरलेत. पयला गोला त्यांच्या हातचा पडंल. आन् दगडी बांध मंजूर झालाय, हितंच जाहीर करनार हायेत!"

"धनेश, भाऊ मागून येऊन फोटो काढू देत," धर्माजीनाना म्हणाले. "आमी भरायला घेतो."

"नाना, भरून जाल्यावर भूमिपूजन कशाचा करायचा? जरा दम धरा. इतकी वर्सं मागतोय, आज मिलतोय."

दगडी बांध! हातातले गोळे खाली पडले. भाऊ येईपर्यंत लोकांनी कंटाळू नये म्हणून धनेशने माइक घेतला.

आणि काय बोलला म्हणून सांगू! पांढरा शर्ट विसरला, धोरण विसरलं, जुना धनेश परत आला. बांधावरून चालणाऱ्या खेकड्याची कॉमेंट्री केली. धर्माजीनानांच्या टकलावर बसलेल्या बगळ्याची कॉमेंट्री केली, जो मुळात तिथे नव्हताच. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. नाना स्वतः हसत होते. कोणी खाली बसून, कोणी मोबाईल उंच धरून ऐकत होतं.

सोनूबाई तेवढी खाडीकडे तोंड करून, भरती कधी लागते ते बघत उभी होती. ती वळली.

"धनेश, पानी फिरला."

"आनि आता मैदानात उतरतायत सोनूबाई मोकल! वय सत्तर, नाबाद!"

हशा उसळला.

"आरं, पानी फिरला!"

"अपील जोरदार! पन पंचांनी मान हलवली, नाय म्हनाले!"

पुन्हा हशा. तो विरेपर्यंत पाणी खांडीत शिरलं होतं. लोक धावले, गोळे टाकू लागले. पडलेला गोळा दिसेनासा व्हायचा आणि कडेचा बांधही सोबत घेऊन जायचा. बॅनर पडला. भाऊ हसत हसत सोनूबाईच्या शेतात वाहत गेले. खरे भाऊ मांडव्याहून परस्पर माणगावला एका उद्घाटनाला गेले होते. तसा फोन धनेशला आला, तेव्हा माइक चालूच होता, त्यामुळे त्याचं "बरं भाऊ, व्हय भाऊ" साऱ्या खाडीने ऐकलं.

पुढच्या ओहोटीला गाव पुन्हा जमलं. खांड आता दुप्पट रुंद होती. धर्माजीनानांनी पुकारलं, "मोकल!"

"हाय!" पँट गुडघ्यापर्यंत दुमडून धनेश पुढे आला. आवाजाला माइक नव्हता, तर केवढा बारीक वाटला.

नानांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सोनूबाई आलीय. घरटी एकच." आणि पुढचं घर पुकारलं. धनेश तिथेच उभा राहिला. गोळे त्याच्या पोटासमोरून या हातातून त्या हातात जात राहिले.

खांड बुजली. भात मात्र पिवळं पडून गेलं आणि शेतावर मिठाची पांढरी साय धरली. त्या शेतांची मोजणी करायला भाऊंची माणसं आली. पडीक जमिनीला गिऱ्हाईक आहे म्हणाली. दगडी बांधाचं विचारलं तर म्हणाली, आता आत राखायचं काय आहे?

कॉमेंट्रीचा व्हिडिओ जिल्हाभर फिरला. असा बोलणारा माणूस हवाच, असं म्हणून भाऊंनी धनेशला जिल्हा परिषदेचं तिकीट दिलं. प्रचारासाठी त्यांच्या ऑफिसने तो व्हिडिओ छान कापून, वर गाणं घालून पाठवला. खेकडा आहे, बगळा आहे, "नाबाद" आहे, गावाचं हसू तर भरपूर आहे.

शेजारच्या केसरने तो सोनूबाईला दाखवला. म्हातारीने शेवटपर्यंत पाहिला. मग पुन्हा लावायला सांगितला आणि मोबाईल कानाला धरून ऐकला.

"यान मी 'पानी फिरला' वरडलेली, ती कुटं गेली गं?" तिने विचारलं.