चौथ्या दिवसाची सही

केंद्रप्रमुखांचा फोन आला तेव्हा मी तिसरी आणि चौथीला एकाच खोलीत बसवून शुद्धलेखन घालत होते. नवीन पाठ्यपुस्तकाचा मसुदा तपासायला जिल्ह्यातून काही शिक्षक हवे होते. वर्ध्याला पाच दिवसांची कार्यशाळा होती.

"तुमचं नाव देऊ काय मॅडम? व्यावसायिक विकासाचे तास भेटतीन."

पुस्तकांच्या ओढीने मी हो म्हटलं, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं कारण वेगळं होतं. माझं घर वर्ध्याजवळच नालवाडीला आणि शाळा हिंगणीच्याही पुढे, जंगलाला लागून. इतकी वर्षं रोज बस धरून माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. पाच दिवस बस नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं. शिवाय तास हवेच होते. शिक्षकाने वर्षभरात ठरावीक तास प्रशिक्षणात घालवायचे आणि त्याची नोंद पोर्टलवर दिसायला हवी, असा नियम. माझे तास त्या वर्षी निम्मेही झाले नव्हते.

कार्यशाळेच्या हॉलमध्ये आम्ही पंधरा-वीस जण होतो. माझ्या गटाकडे चौथीचे सहा पाठ आले. प्रत्येक पाठासाठी एक तक्ता भरायचा होता: भाषा सोपी आहे का, चित्रं योग्य आहेत का, काय सुधारणा सुचवाल. पहिले तीन दिवस त्यातच गेले. माझ्या शेजारचे सर जेवणानंतर डोळे मिटून बसत आणि चहा आला की माझ्या तक्त्यातलं स्वतःच्या तक्त्यात उतरवून घेत. मला त्यांचा राग आला नाही. त्यांची शाळा पार जाम गावाच्या पलीकडे होती, आणि तेही माझ्यासारखेच थकलेले होते.

सहा पाठांत एक जंगलावरचा होता. शहरातलं एक कुटुंब जीपमधून जंगल बघायला जातं, मुलांना वाघ दिसतो, सगळे टाळ्या पिटतात. पाठाखाली प्रश्न होता: "तुम्ही वाघ पाहिला आहे का? तेव्हा तुम्हाला किती मजा आली?"

चौथ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या शाळेत जाऊन एक पाठ वर्गात वाचायचा आणि मुलांचा प्रतिसाद लिहून आणायचा, अशी सूचना होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे सर म्हणाले, "कायले जाता एवढ्या दूर? इथंच या, सही करा, मनानं लिहून टाका. आमी तेच करून राह्यलो."

त्यांचं ऐकावंसं वाटत होतं. पण माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या वडिलांवर आदल्या उन्हाळ्यात वाघाने झडप घातली होती. ते गुरं चारायला गेले होते. सोबतच्यांनी आरडाओरड केली म्हणून ते वाचले, पण उजवा हात कायमचा गेला. हा पाठ तिच्यासमोर वाचल्यावर काय होईल, हे मनाने लिहिणं मला जमेना. तिच्यासमोर तो वाचणंही सोपं नव्हतं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस धरली.

मी पाठ वाचला. मुलं आधी जीपच्या चित्राला हसली. शेवटचा प्रश्न मी गाळणार होते, पण ओघात वाचून गेले. वर्गातली सगळी मुलं वळून त्या मुलीकडे बघायला लागली. ती मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत राहिली. मागून एक जण म्हणाला, "मॅडम, इच्या बाबाले इचारा." कोणी हसलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि सगळ्यांना पटांगणात सोडलं.

शाळा सुटायच्या वेळी तिचे वडील फाटकाशी उभे होते. पोरीने मधल्या सुट्टीत घरी जाऊन सांगितलं असावं. मला वाटलं, आता हे बोलणार. मी आधीच म्हटलं, "भाऊ, चूक झाली माझी. तिच्यासमोर वाचायला नको होतं."

"वाचलं तं वाचलं," ते म्हणाले. "पन मॅडम, त्याच्यात आमी कुठं हाओ? जीपवाले हायेत, वाघ हाये. जंगलाच्या कडंले जे राह्यतेत त्यायचं काईच नाई काय?"

"नाही. मी लिहून देते तसं. काय लिहू?"

डाव्या हाताने दाखवत ते म्हणाले, "लिहा का एकट्यानं जाऊ नोका. बोलत-बोलत जा. खाली वाकून काम करून राह्यले असान तं एकानं उभं राह्यलं पाह्यजे. अन् वाघ वंगाळ हाये असं नोका लिहू. तो बी तिथलाच हाये."

परतीच्या बसमध्ये मांडीवर पिशवी ठेवून मी ते सगळं तक्त्यात उतरवलं. सुधारणेचा रकाना अपुरा पडला म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवरही लिहिलं.

पाचव्या दिवशी गटांनी आपापलं म्हणणं मांडलं. माझी पाळी आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. समोर बसलेल्या साहेबांनी तक्ता उलटून बघितला. "मॅडम, मुद्दा भावनिक आहे. पुस्तक सगळ्या राज्यासाठी असतं. प्रत्येक गावाचं काही त्यात घालता येत नाही."

"सर, निदान तो मजेचा प्रश्न काढा."

"बघतो," ते म्हणाले आणि तक्ता गठ्ठ्यात ठेवून दिला. मी आणखी बोलायला हवं होतं. पण लोक उठायला लागले होते आणि माझ्या अंगात भांडायचं त्राण नव्हतं. जेवणात वांग्याची भाजी होती. मीही जेवले.

महिन्याभराने पोर्टल उघडलं तर कार्यशाळेचे तास दिसेनात. दोनदा कार्यालयात गेले. दुसऱ्या खेपेला तिथल्या कारकून बाईंनी हजेरीपट काढून दाखवला. चार दिवसांच्या माझ्या सह्या होत्या. चौथ्या दिवसाचा रकाना रिकामा होता.

"त्या दिवशी मी शाळेत होते. तुमचीच सूचना होती ना, वर्गात वाचून पाहा म्हणून?"

"सूचना असन मॅडम. पन बाकी सगळ्यायच्या सह्या हायेत. पाचही दिवस असल्याशिवाय प्रमाणपत्र निंघत नाई, अन् प्रमाणपत्राशिवाय तास चढत नाईत."

बाकीच्यांच्या सह्या कशा आल्या हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. सांगून त्यांचे तास गेले असते, माझे आले नसते. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला अर्ज करायला सांगितला, मी केला. त्याचं उत्तर आलं नाही. राहिलेले तास मी मोबाइलवरच्या प्रशिक्षणाने भरले. चित्रफीत लावून ठेवायची, भाजी निवडायची, शेवटी पाच प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यात काय शिकवलं ते मला आज आठवत नाही, पण त्याचं प्रमाणपत्र लगेच आलं.

पुढच्या जूनमध्ये पुस्तक शाळेत पोचलं. गठ्ठा सोडल्या सोडल्या मी तो पाठ शोधला. जीप होती, टाळ्याही होत्या. मजेचा प्रश्न मात्र नव्हता. त्या जागी एक ओळ होती: "जंगलाजवळच्या गावांतील लोक कोणती काळजी घेतात, याची माहिती मिळवा." माझ्या लिहिण्यामुळे ती आली की आणखी कोणाच्या, हे मला कधी कळलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण ज्या पोरीसाठी भांडायचं होतं ती पाचवीत गेली होती, सेलूच्या शाळेत.

पंधरा दिवसांनी तिचे वडील मला हिंगणीच्या बसथांब्यावर भेटले. मी उत्साहाने सांगितलं, "भाऊ, तुम्ही बोलला होता ना, ते आलं पुस्तकात. एक ओळ आली."

"कोनतं, मॅडम?"

मी आठवण करून दिली. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते नीट आठवत नसावं. त्यांच्या डाव्या हातात एक घडी केलेला कागद होता. पोरीच्या एसटीच्या पासचा अर्ज. तो दोनदा परत आला होता, कुठली तरी माहिती चुकत होती.

"हे जरा पाह्यता काय? मले डाव्या हातानं लिहिता येत नाई अजून."

बस यायला वेळ होता. मी चष्मा लावला, कागद पर्सवर ठेवला आणि पहिल्या रकान्यापासून भरायला घेतला.