कटकन बाई आणि दिराची मान

त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मानेच्या बाबतीत दोन पंथ होते. एक सरांचा. ते अंगठ्यांनी मणका हलकेच रेटत, पुन्हा रेटत, आणि पेशंट घोरू लागला की थांबत. दुसरा त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या तिचा. ती मान दोन्ही हातांत धरून टोकापर्यंत वळवायची आणि मग एकच झटका द्यायची. पेशंट आधी घाबरायचा, मग हसायचा. सगळे तिला ‘कटकन बाई’ म्हणत आणि ती ते पदवीसारखं मिरवी. महिन्याभरात दोघांचेही पेशंट साधारण सारखेच बरे होत. हे दोघांनाही ठाऊक होतं, पण विषय निघत नसे. पंथ चालवायचे तर एवढी काळजी घ्यावीच लागते.

त्या संध्याकाळी दीर आला. तो बसचा ड्रायव्हर होता आणि त्याची मान उजवीकडे वळेना.

“वहिनी, उद्या तपासणी आहे. डॉक्टर खांदे धरून ठेवतो आणि म्हणतो, मागे बघ. नाही जमलं तर स्टिअरिंग गेलं. बसा डेपोत गाड्या धूत.”

“कधीपासून दुखतंय?”

“मला पेशंट करू नकोस. कटकन कर आणि चहा पाज.”

पडद्यापलीकडून सर म्हणाले, “माझ्याकडे द्या. दोन आठवड्यांत—”

“दोन आठवड्यांत माझी बस दुसराच पळवेल, सर!”

झटक्याआधी ती प्रत्येकाला विचारायची, हाताला मुंग्या येतात का, पकड सुटते का, तोल जातो का. शिकाऊ मुली हे विसरल्या की त्यांची बिनपाण्याने व्हायची. पण हा घरचा माणूस, एका पंगतीत जेवणारा. त्याला काय विचारायचं?

“भाऊजी, गळ्याचं बटण काढा.”

“तूच काढ गं. बोटं ऐकत नाहीत हल्ली.”

तिने काढलं. त्याला झोपवलं, डोकं हातात घेतलं, नेमका सांधा शोधला आणि मान टोकाला नेली. “श्वास सोडा.” त्याने सोडला. आता फक्त झटका राहिला होता.

तेवढ्यात तिला त्याची बायको, धाकटी जाऊ आठवली. ओट्याशी उभी राहून ती म्हणाली होती, “यांची बटणं हल्ली मीच लावते. नवरा केला की बाळ सांभाळायला घेतलं, कळत नाही!” त्यावर सगळ्यात मोठ्याने हसली होती ती हीच.

तिने मान अगदी सावकाश सरळ केली. इतकी सावकाश, की सरांनाही जमलं नसतं.

“उठा. मुठी उघडा, मिटा. भराभर.”

भराभर होईना. बोटं एकेक करून, जड-जड उघडत होती. सर पडदा सारून आले, त्यांनी पाहिलं आणि हात पाठीमागे बांधले. “मीही हात लावणार नाही. मणक्याच्या आत मज्जारज्जूवर दाब असणार, झटक्याने हातपायच जायचे. उद्याच एमआरआय.”

दोन्ही पंथांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

“आणि माझी तपासणी?” दीर म्हणाला. “वहिनी, माझी सीट घालवलीस तू.”

तिने एप्रन उतरवला. मग हात पुढे केला. “स्कूटरची किल्ली द्या.”

तो मागे बसला. पहिल्या वळणावर सवयीने त्याने मागे बघायला मान वळवली. ती अर्ध्यात अडली.

“आता तूच मागे बघ,” तो म्हणाला.

तिने बघितलं.

“नीट बघ, वहिनी.”

तिने स्कूटर थांबवली आणि पुन्हा, मान पूर्ण वळवून बघितलं.